टाकीचा जीर्णोद्धार

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतींवर जो तांबडा रंग दिसतो, तो गेरूचा आहे. गेरूला हा रंग येतो लोखंड आणि प्राणवायू यांच्या संयुगामुळे. दीड हजारांहून अधिक वर्षे लोटली, तरी तो टिकून आहे. जुन्या स्कूटरच्या पेट्रोलच्या टाकीत काडी फिरवली असता तिला जी तांबूस भुकटी लागते, तीही त्याच कुळातील होय. तिला आपण गंज म्हणतो. जे भिंतीवर शोभा देते, तेच टाकीत नाश करते.

असे का व्हावे? खाणीत लोखंड बहुधा शुद्ध रूपात सापडत नाही. प्राणवायूशी संयोग पावलेल्या दगडाच्या रूपात ते आढळते. भट्टीच्या प्रखर उष्णतेत माणूस त्यातील प्राणवायू दूर करतो आणि लोखंड मिळवतो. परंतु हवा आणि ओलावा यांचा संग घडताच ते लोखंड पुन्हा आपल्या मूळ रूपाकडे परतू लागते. गंज चढणे म्हणजे लोखंडाचे माघारी जाणेच होय. हे माघारी जाणे सर्वस्वी थांबवता येत नाही. मात्र ते पुष्कळ लांबवता येते.

पूर्वी औरंगाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराचा दुचाकी वाहनांशी निकटचा संबंध आहे. १९८५ साली शहराजवळ वाळूज येथे बजाज ऑटो या कंपनीचा कारखाना सुरू झाला. याच कंपनीची चेतक स्कूटर १९७२ साली बाजारात आली होती. महाराणा प्रतापांच्या अश्वाचे नाव धारण करणारी ही स्कूटर मिळवण्यासाठी लोकांना कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. पेट्रोलवर चालणाऱ्या त्या जुन्या चेतकचे उत्पादन आता बंद झाले आहे. तथापि आजोबांची वा वडिलांची आठवण म्हणून घरातील जुनी स्कूटर पुन्हा चालती करावी, असे अनेकांना वाटते. अशा वेळी प्रथम लक्ष जाते ते बाहेरच्या रंगाकडे. खरी परीक्षा मात्र आसनाखाली दडलेल्या टाकीत असते.

पेट्रोलमुळे लोखंड गंजत नाही. ते गंजते पाण्यामुळे. टाकी अर्धी रिकामी असली, की उरलेल्या जागेत हवा शिरते. रात्री गारठा पडला, की त्या हवेतील बाष्पाचे थेंब टाकीच्या भिंतींवर जमतात. पाणी पेट्रोलहून जड असल्याने ते ओघळून तळाशी साचते आणि तेथेच राहते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉलही ओलावा ओढून घेते. अॅल्युमिनियमवर येणारा प्राणवायूच्या संयुगाचा थर धातूला घट्ट चिकटून त्याचे रक्षण करतो. गंजाचे तसे नाही. तो सच्छिद्र असतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड उघडे पडते. टाकीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. त्याला भोक पडावयास फार काळ लागत नाही. शिवाय गंजाची भुकटी पेट्रोलबरोबर कार्बुरेटरपर्यंत पोहोचते आणि तेथील अतिशय बारीक छिद्र बुजवून टाकते. मग दौलताबाद-खुलताबादच्या घाटात, ऐन चढणीवर, गाडी अचानक बंद पडते.

ही टाकी स्वच्छ करण्याचे काम जाणत्या कारागिराचे आहे. मुलांनी ते दुरूनच पाहावे. कारण भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते! द्रवरूप पेट्रोल स्वतः पेट घेत नाही. पेटते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. रिकाम्या टाकीत नेमके हेच मिश्रण कोंडलेले असते. ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत दूरवर पसरते. म्हणून कुशल कारागीर हे काम मोकळ्या हवेत करतो आणि जवळपास विडी, शेगडी किंवा ठिणगी येऊ देत नाही. पेट्रोलची टाकी नीट न धुता तिला डाग देऊ पाहणे म्हणजे प्राणांशी खेळ होय.

प्रथम टाकी सोडवून जुने पेट्रोल झाकणाच्या डब्यात काढून घेतात. पेट्रोलचा कॉक व झाकण बाजूला ठेवतात. नंतर साबणाच्या पाण्याने टाकी पुनःपुन्हा धुतात, कारण तेलकट थराखालच्या गंजापर्यंत आम्ल पोहोचू शकत नाही. मग आत थोडे पाणी व मूठभर लहान नट घालून ती हलवतात. नटांच्या घर्षणाने पापुद्रे सुटतात. घातलेले नट मोजून ठेवावे लागतात. बाहेर आलेल्या नटांची संख्या तितकीच भरली पाहिजे.

यानंतर आम्लाची पाळी. तांब्यापितळेची भांडी चिंचेने उजळतात, हे सर्वांस ठाऊक आहे. तेच तत्त्व येथे उपयोगी पडते. एक लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून टाकी त्या द्रावणाने काठोकाठ भरतात. काही तासांत गंज विरघळू लागतो. परंतु घाई जशी वाईट, तशी अतिरेकही वाईट. गंज संपल्यावर आम्ल शुद्ध लोखंडही खाऊ लागते. म्हणून कारागीर अधूनमधून आत पाहतो आणि काम होताच द्रावण ओतून काढतो. उरलेले आम्ल निष्प्रभ करण्यासाठी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी धुतात; बुडबुडे येणे थांबले, की आम्ल संपले असे समजावे. मात्र ओले, उघडे लोखंड काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता गरम हवेचा झोत सोडून टाकी पूर्ण कोरडी करावी लागते.

आता एक अनपेक्षित गोष्ट उघड होते. जेथे टाकी कालपर्यंत गळत नव्हती, तेथे आज सुईएवढी छिद्रे दिसतात. ती नवी नसतात; आजवर गंजानेच ती बुजवून ठेवलेली असतात. त्यांची दुरुस्ती झाल्यावर शेवटचा संस्कार करतात. पेट्रोल व इथेनॉल यांना दाद न देणारे, दोन भाग मिसळून केलेले इपॉक्सीचे लुकण आत ओततात. टाकी सर्व बाजूंनी सावकाश फिरवून त्याचा पातळ थर बसवतात आणि जास्तीचे लुकण काढून टाकतात. थर पक्का होण्यास काही दिवस द्यावे लागतात. खाली गंज वा ओल राहिली असेल, तर हाच थर पुढे सालीसारखा सुटतो आणि सारे श्रम वाया जातात.

जुने पेट्रोल मातीत वा गटारात ओतणेही योग्य नव्हे. सतराव्या शतकात मलिक अंबराने ज्या शहरासाठी जमिनीखालून नहर आणली, त्या शहराला पाण्याचे मोल कोणी सांगावयास नको. जमिनीत मुरलेले पेट्रोल विहिरीचे पाणी दूषित करते.

टाकी जागेवर बसली, की बाहेरून यांतील काहीच दिसत नाही. पाहणारा वाहनाच्या रंगाचीच स्तुती करतो. पण रोजच्या वापरात टाकी शक्यतो भरलेली ठेवणे, झाकणाचे रबर झिजताच बदलणे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करून आत तेलाचा हात फिरवणे, एवढी काळजी घेतली तर लोखंडाचे माघारी जाणे अनेक वर्षे लांबते. न दिसणाऱ्या जागी केलेले हे काम वाटेत गाडी बंद पडू देत नाही, हीच त्याची खरी पावती होय.