प्रोस्टेट कॅन्सर: हार्मोनचं इंजेक्शन पुरेनासं झालं की पैसे कुठे जातात, कुठे वाचतात

इंजेक्शन चालू असूनही रक्तातला पीएसए (प्रोस्टेटचं प्रथिन) वाढतोय? आधी टेस्टोस्टेरॉन तपासा. ते डेसीलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली असेल आणि तरी आजार वाढत असेल, तरच पुढच्या औषधांचा विचार होतो.

पहिला छुपा खर्च: नवी औषधं सुरू झाली तरी जुनं इंजेक्शन थांबत नाही. अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया केली, तर इंजेक्शन लागत नाही; खर्च एकदाच होतो.

नेहमीची जोडी म्हणजे अबिराटेरॉन आणि प्रेडनिसोलोन. अबिराटेरॉनच्या २५० मिलिग्रॅमच्या ४ गोळ्या रोज उपाशीपोटी, महिन्याला १२०. प्रेडनिसोलोन स्वस्त आहे, पण ते मनाने बंद करू नका. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७२ रुग्णांच्या चाचणीत, कमी चरबीच्या नाश्त्यासोबत घेतलेली एकच गोळी पीएसए उतरवण्यात कमी पडली नाही. महिन्याला ३० गोळ्या, म्हणजे पाव खर्च. हा पर्याय डॉक्टरांना विचारा. स्वतः डोस कमी करू नका.

छापील किंमत म्हणजे द्यायची किंमत नव्हे. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तीन दुकानांत भाव विचारा, सवलतीच्या अमृत फार्मसीत चौकशी करा, पक्कं बिल घ्या. तपासण्यांचे पैसे वेगळे ठेवा: पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी यकृताची, दर महिन्याला पोटॅशियम आणि रक्तदाबाची.

डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी दर तीन आठवड्यांनी. फक्त औषधाचा भाव विचारू नका. बेड, सलाइन, रक्ततपासणी आणि पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन धरून एका सायकलचा अंदाज लेखी मागा.

अबिराटेरॉन आणि एन्झालुटामाइड एकत्र सुचवलं, तर दुसरं मत घ्या. १,३११ रुग्णांच्या चाचणीत या जोडीने आयुष्य वाढलं नाही, त्रास मात्र वाढला. ओलापॅरिब महाग आहे; आधी बीआरसीए जनुकाची तपासणी, मग खरेदी.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार, बायोप्सी, पीएसए आणि स्कॅनचे रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. तुमचं औषध पॅकेजमध्ये बसतं का, हे तिथेच विचारा. हेल्पलाइन १५५३८८. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल, तर उत्पन्न कितीही असो, आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं.

गोळ्यांची पहिली पट्टी विकत घेण्याआधी योजनेची मंजुरी मिळवा. ही कॅशलेस योजना आहे. खिशातून केलेला खर्च नंतर परत मिळेल, असं गृहीत धरू नका.