सशांच्या उन्हाळ्यासाठी कुटाराची बेगमी

अंजनगाव सुर्जीच्या शिवारात तुरीची मळणी उरकते न उरकते तोच हरभरा खळ्यावर येतो. फेब्रुवारी-मार्चच्या या आठवड्यांत जेवढे कुटार तयार होते तेवढे वर्षभरात पुन्हा होत नाही. ज्यांच्याकडे गाई-म्हशी आहेत ते भरून ठेवतात. बाकीच्यांचे धुऱ्यावर पडून राहते, नाहीतर पेटवले जाते. ससे पाळणाऱ्यांनी या दिवसांत कुटाराकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. एप्रिल लागला की धुऱ्यावरचे गवत करपते, लसूणघासाला पाणी पुरत नाही आणि हिरवे कमी पडले म्हणून दाणा, कोंडा वाढवला जातो. मग पिल्ले पोट फुगून, हगवण लागून मरतात आणि खापर फुटते उन्हावर. वऱ्हाडातले ऊन सशाला सोसत नाही हे खरेच आहे. पण दूध तोडल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत होणाऱ्या मरतुकीचे कारण पुष्कळदा खाद्याच्या भांड्यात सापडते.

ससा गवत खातो, पण रवंथ करत नाही. त्याचा सगळा कारभार चालतो आंधळ्या आतड्यात. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच खाद्याची निवड होते. जाड, कडक तंतूचे कण सरळ पुढे जाऊन कोरड्या गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. बारीक कण आणि पाणी मागे, आंधळ्या आतड्यात ढकलले जाते. तिथे जीवाणू ते आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ, चकचकीत लेंड्या ससा रात्री-पहाटे थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो. त्यातून त्याला प्रथिने आणि ब गटातली जीवनसत्त्वे मिळतात, म्हणून हे खाणे किळसवाणे समजून थांबवू नये. उलट सकाळी पिंजऱ्याखाली अशा मऊ लेंड्यांचे घोस पडलेले दिसले तर खाद्य फार जड झाले आहे, तंतू कमी पडतो आहे, असे समजावे.

म्हणजे सशाला तंतू दोन कामांसाठी लागतो. कडक तंतू, ज्यात लिग्निन जास्त असते, तो फारसा पचत नाही. त्याचे काम आतडे हलते ठेवण्याचे. तो कमी पडला की खाद्य आंधळ्या आतड्यात साचून राहते, दाण्यातला न पचलेला स्टार्च तिथे पोचतो आणि नको ते जीवाणू माजतात. दुसरा मऊ तंतू, पेक्टिनसारखा. तो चांगला आंबतो आणि उपयोगी जीवाणूंना पोसतो. युरोपात हे शहाणपण नुकसानीतून आले. १९९६-९७ च्या सुमारास फ्रान्समध्ये सशांच्या आतड्याची एक नवी साथ सुरू झाली आणि फार्मच्या फार्म हवालदिल झाले. पुढे १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर बंदी घातली. त्यानंतर तिथल्या संशोधकांचे लक्ष तंतूवर आणखी खिळले आणि बीटचा चोथा, द्राक्षाचा चोथा, सूर्यफुलाची टरफले, लिंबूवर्गीय फळांचा चोथा असे जवळपास मिळणारे पर्याय तपासले गेले. आपल्याकडे बीट नाही, पण संत्री आहेत आणि डाळीच्या पिकांचे कुटार आहे.

वाढत्या पिल्लांच्या खाद्यात कच्चा तंतू साधारण १४ ते १८ टक्के असावा आणि लिग्निन ५ टक्क्यांच्या आसपास. पोत्यावर छापलेला असतो तो फक्त कच्च्या तंतूचा आकडा. तो कोंड्यातून आला की कुटारातून, हे पोते सांगत नाही. ससे देणाऱ्यानेच खाद्यही दिले असेल तर घटक विचारून घ्यावेत. सांगायला टाळाटाळ झाली तर ते खाद्य मी घेणार नाही. गव्हाचा कोंडा म्हणजे तंतू, हा समज तर मोडायलाच हवा. कोंड्यात कच्चा तंतू दहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि स्टार्च त्याच्या दुपटीने.

आता आपल्या शिवारात काय आहे ते पाहू. हरभऱ्याचे कुटार मी पहिल्या नंबरावर ठेवीन. त्यात कच्चा तंतू ४० टक्क्यांच्या पुढेमागे, प्रथिने पाच-सहा टक्के, लिग्निनही भरपूर. गव्हांड्यापेक्षा प्रथिने थोडी जास्त आणि ससे ते आवडीने खातात. अडचण एकच, हल्ली हरभरा हार्वेस्टरने काढतात आणि कुटार शेतभर उडून जाते. थोडा हरभरा थ्रेशरवर काढून घ्यावा किंवा शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे.

तुरीच्या कुटारात वाळलेला पाला, शेंगांची फोलपटे आणि काड्यांचे तुकडे असे तीन जिन्नस असतात. पाला आणि फोलपटे कामाची, काड्या चुलीच्या. चाळणीवर एकदा हात फिरवला की कुटाराची प्रत एकदम सुधारते. तूर चुनी ही वेगळी वस्तू आहे. अकोल्यात डाळ मिल पुष्कळ, त्यामुळे चुनी मिळायला त्रास नाही. पण एका मिलची चुनी दुसऱ्या मिलसारखी नसते. टरफल जास्त असेल तर तंतू वाढतो, कणी आणि भुकटी जास्त असेल तर प्रथिने. मूठभर पाण्यात टाकून पाहावी, तळाशी माती बसली तर ती चुनी परत करावी.

सोयाबीनच्या बाबतीत गल्लत फार होते. ऑक्टोबरच्या मळणीत निघालेले कुटार म्हणजे खोड आणि शेंगांची फोलपटे. ते कडक आणि लिग्निनयुक्त. तेल गिरणीत दाण्यावरून निघणारे पातळ साल निराळे. त्यात तंतू भरपूर, पण लिग्निन अगदी कमी. तो मऊ तंतू. एकाच्या जागी दुसरे चालत नाही, जोडीला मात्र छान चालते. गेल्या हंगामातले सोयाबीन कुटार शिल्लक असेल तर आधी हुंगून पाहा. परतीच्या पावसात भिजलेल्या गंजीला आतून बुरशी असते. काळपट, कुबट वासाचे कुटार सशाला एक मूठही देऊ नये. थोड्याशा बुरशीने बैलाला काही झाले नाही म्हणून सशाला होणार नाही, असे नसते.

संत्र्याची साल हा मऊ तंतूचा आपला हक्काचा माल आहे. मृग बहाराची फळे याच दिवसांत बाजारात असतात आणि रसवाले साल फेकून देतात. ताजी साल घालू नये. तिचे तुकडे करून कडक उन्हात पातळ पसरून वाळवावेत, मोडताना कट्‌ असा आवाज आला पाहिजे. त्यात साखर असल्याने ओलावा राहिला तर दोन दिवसांत हिरवी बुरशी धरते. एकूण मिश्रणात तिचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत ठेवावे.

पानमळा किंवा पानपिंपळीचा मळा असलेल्यांकडे आधाराला लावलेली शेवरी, हादगा असतो. छाटणीचा पाला सशांना उत्तम, पण तो प्रथिनांसाठी. हिरवागार आहे म्हणून तो तंतूची जागा भरून काढील असे धरून चालू नये. मळ्यात नुकती फवारणी झाली असेल तर तो पालाही सोडून द्यावा. सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन असते. तो जास्त झाला तर केस झडतात, म्हणून थोडाच द्यावा. कडबा आणि गव्हांडा प्रथिनांना हलके, पण कुरतडायला टांगून ठेवायला बरे. दात सतत वाढणाऱ्या प्राण्याला तेवढा विरंगुळाही हवाच.

काही गोष्टी घालायच्याच नाहीत. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात, त्यांचा पाला नको. सरकी ढेपेत गॉसिपॉल असते, ती पैदाशीच्या सशांपासून लांबच बरी. युरिया प्रक्रिया केलेला गव्हांडा गाईसाठी आहे. गाय पोटातल्या जीवाणूंकडून युरियाचे प्रथिन करून घेते, सशाला ते तसे साधत नाही आणि विषबाधेचा धोका राहतो. ज्वारीचे कोवळे फुटवे, गाजरगवत, घाणेरी यांचे नावही काढू नये.

दूध तोडलेल्या पिल्लांसाठी शंभर किलो मिश्रणाचा एक ढोबळ हिशेब असा धरता येईल: हरभरा कुटार २७ किलो, गहू कोंडा २०, तूर चुनी १५, सोयाबीन पेंड १४, ज्वारीचा भरडा १०, संत्र्याची वाळलेली साल ६, वाळवलेला लसूणघास ५, खनिज मिश्रण २, मीठ आणि चुनखडीची भुकटी प्रत्येकी अर्धा किलो. यात प्रथिने १५ टक्क्यांच्या आसपास, कच्चा तंतू १८-१९ टक्के बसतो आणि स्टार्च आटोक्यात राहतो. तंतू मुद्दामच थोडा चढा ठेवला आहे. वाढ किंचित मंदावेल, पण पिल्ले वाचतील, आणि मेलेल्या पिल्लाची वाढ कोणी मोजत नाही. पाजणाऱ्या मादीला हे मिश्रण हलके पडते. तिच्यासाठी कुटार दहा-बारा किलोंवर आणून तेवढाच लसूणघास वाढवावा. चुनीचा आणि कुटाराचा नमुना एकदा प्रयोगशाळेत तपासून घेतला तर हा हिशेब आपल्या मालाला जुळवता येईल. अकोल्याच्या पशुवैद्यक व पशुविज्ञान पदव्युत्तर संस्थेत किंवा आपल्या कृषी विज्ञान केंद्रात त्यासाठी विचारणा करावी.

कुटार दळताना पिठाच्या चक्कीत टाकू नये. ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक कण आंधळ्या आतड्यातच परत जातात आणि कडक तंतूचा उद्देशच फसतो. हॅमर मिलला ३-४ मिलिमीटरची जाळी लावून भरडले की पुरे. कोरडे मिश्रण दिले तर ससे भरडा निवडून खातात आणि कुटार उकरून टाकतात. त्यावर उपाय म्हणजे गुळाच्या पातळ पाण्याचा हबका मारून मिश्रण दमट करणे. असे दमट खाद्य उन्हाळ्यात तीन-चार तासांत आंबते, म्हणून बेताचेच भिजवावे आणि उरलेले काढून टाकावे. गोळी करून देणारी लहान यंत्रे चार-पाच पालकांनी मिळून घेतली तर परवडतात.

दोन किलोच्या वाढत्या सशाला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम मिश्रण लागते. मार्चपासूनच मोठा वाटा संध्याकाळी उन्हे उतरल्यावर द्यावा, उरलेला भल्या पहाटे. पाणी कमी पडले तर ससा खाणेच सोडतो, आणि कोरड्या तंतूबरोबर तर ते जास्तच लागते. दुपारी नळीतले पाणी हाताला गरम लागत असेल तर ते बदलावे. नवे मिश्रण एकदम सुरू करू नये. आठ-दहा दिवसांत जुन्यातले थोडे थोडे कमी करत जावे, आणि तोवर रोज सकाळी लेंड्या पाहाव्यात: गोल, कोरड्या, फोडल्यावर आत गवताचे तंतू दिसणाऱ्या असतील तर ठीक. लहान, केसांनी माळेसारख्या जोडलेल्या किंवा ओल्या दिसल्या तर दाणा बंद करून दोन दिवस फक्त कडबा, वाळलेला लसूणघास आणि पाणी.

हगवण लागली म्हणून कोंबड्यांसाठी आणलेली किंवा घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी तोंडाने देऊ नये. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, लिंकोमायसिन यांसारखी औषधे तोंडावाटे गेली तर आंधळ्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि रोगाने वाचला असता असा ससा औषधाने जातो. पशुवैद्यकाला बोलवावे, आणि ससा असल्याचे फोनवर आधीच सांगावे.

कुटार भरताना ते पूर्ण वाळलेले असावे. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर गोण्या रचाव्यात, भिंतीला टेकवू नयेत, आणि मेच्या अखेरीस वळवाच्या सरी येण्याआधी छपराची गळती पाहून घ्यावी. एका सशाला दिवसाला तीस ग्रॅम कुटार धरले तर पन्नास सशांना मार्च ते जून या चार महिन्यांत १८०-१९० किलो लागते. उंदीर आणि नासाडी धरून सव्वादोन क्विंटल भरून ठेवावे.