रंगाची भट्टी आणि विजेची मोटार

मोटारीला धडक बसून पत्रा चेपला, रंग खरवडला, म्हणजे तिला गॅरेजात नेतात. मिस्त्री पत्रा ठोकून सरळ करतो, खळग्यांत पुट्टी भरतो, ती घासून गुळगुळीत करतो आणि शेवटी रंगाचा फवारा मारून गाडी पूर्ववत करून देतो. या कामात निष्णात असे कारागीर आपल्याकडे गावोगावी आहेत. आता रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या मोटारीही दिसू लागल्या आहेत. बाहेरून त्या इतर मोटारींसारख्याच असतात. अंतरंग मात्र सर्वस्वी निराळे असते. तेव्हा त्यांच्या पत्र्याला हात लावण्यापूर्वी आतील बॅटरीचा विचार का करावा लागतो, ते पाहू.

पेट्रोलच्या मोटारीत शिसे आणि आम्ल यांची 12 व्होल्टची लहानशी बॅटरी असते. तिची एक तार सोडवली की मिस्त्री निर्धास्त होतो. विजेच्या मोटारीत अशी लहान बॅटरी बहुधा असतेच. परंतु तिच्याखेरीज गाडीच्या तळाशी एक भली मोठी लिथियम-आयन बॅटरी बसवलेली असते. तिचे वजन कित्येकदा 300 किलोग्रॅमहून अधिक भरते. या जातीची बॅटरी 1991 साली प्रथम बाजारात आली, आणि तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना 2019 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारीत असे पुष्कळ घट एकापुढे एक जोडून सामान्यतः 300 ते 400 व्होल्ट, आणि काही गाड्यांत सुमारे 800 व्होल्ट दाब मिळवतात. मोटारीमध्ये 60 व्होल्टच्या वरचा दिष्ट प्रवाह हा धोक्याच्या वर्गात धरला जातो. म्हणूनच या मोठ्या बॅटरीच्या तारांवर नारिंगी रंगाचे वेष्टण असते. नारिंगी तार म्हणजे ‘हात आवर’ अशी सूचनाच होय.

आता घटाच्या आत डोकावू. दोन विद्युत्‌ध्रुवांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अत्यंत पातळ, सच्छिद्र पडदा असतो आणि सभोवती ज्वालाग्राही द्रव भिनलेला असतो. हा पडदा पुष्कळदा पॉलिएथिलीनचा असतो व तो सुमारे 130 अंश सेल्सिअसला वितळतो. तत्पूर्वीच आत उष्णता निर्माण करणाऱ्या विक्रिया सुरू झालेल्या असतात. बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा आत निर्माण होणारी उष्णता अधिक झाली, की एका घटाची आग शेजारच्या घटास लागते आणि ती विझवणे फार कठीण जाते.

कारखान्यात कोऱ्या सांगाड्याचा रंग 140 अंश किंवा त्याहून अधिक उष्णतेत भाजतात. पण त्या वेळी गाडीत बॅटरी बसवलेलीच नसते. गॅरेजातील भट्टीत मात्र बॅटरीसह सगळी गाडीच उभी असते. तेथे रंग वाळवण्यासाठी साधारणपणे 60 अंश उष्णता सुमारे अर्धा तास देतात. एवढ्याने बॅटरी बिघडेल काय? रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: तपमान 10 अंशांनी वाढले की विक्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. 30 अंशांवरून 60 अंशांवर जाताना अशा तीन पायऱ्या लागतात, म्हणजे वेग आठपट होतो. त्या हिशेबाने भट्टीतील अर्धा तास हा बॅटरीच्या आयुष्यातील चार तासांएवढा ठरतो. शिवाय एवढे मोठे वजन तापण्यास वेळ लागतो. तेव्हा धडधाकट बॅटरीला एका अल्पकालीन भाजणीचे भय बाळगण्याचे कारण नाही. खरे भय आहे ते विसरभोळेपणाचे: भट्टी रात्रभर चालू राहणे, तपमापक चुकीचा असणे, किंवा पावसाळ्यात रंग लवकर वाळत नाही म्हणून उष्णता वाढवीत नेणे. निसान लीफ या मोटारीच्या पुस्तिकेत 49 अंशांहून अधिक उष्ण हवेत गाडी 24 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे बजावले आहे. उष्णता आणि काळ या दोहोंना मर्यादा आहे, हेच यातून दिसते.

यावरून कामाचा क्रम असा ठरतो. प्रथम त्या गाडीची निर्मात्याने दिलेली पुस्तिका वाचावी. भट्टीची मर्यादा व बॅटरी उतरवावी की नाही, हे तीत पाहावे. दुसरे, गाडी उचलताना जॅक नेमून दिलेल्या जागीच लावावा. भलत्या जागी लावल्यास बॅटरीचे कवचच चेपते. तिसरे, जोडकामापूर्वी शिक्षित माणसाने विद्युत्‌दाब तोडणारी कळ काढावी, सांगितलेली मिनिटे थांबावे, आणि रबरी हातमोजे घालून दाब शून्य झाल्याचे मोजून पाहावे. तरीही ध्यानात ठेवावे की बॅटरीच्या आतील घट तेव्हाही सजीवच असतात. वेल्डिंगची भूतार जोडाच्या अगदी जवळ लावावी, आणि जोड बॅटरीलगत असेल तर ती उतरवूनच काम करावे. चौथे, घासण्याची धूळ व रंगाचा फवारा आत जाऊ नये म्हणून चार्जिंगचे तोंड झाकावे. पाचवे, भट्टीत नेताना बॅटरी पूर्ण भरलेली नसावी, आणि बाहेर आल्यावर ती थंड झाल्याखेरीज भरू नये. शक्य तेथे कमी उष्णतेत वाळणारा रंग घ्यावा, किंवा अवरक्त दिव्याने दुरुस्त केलेला भागच तेवढा तापवावा.

अपघातात बॅटरीलाच मार बसला असेल, तर मात्र भट्टीचे नावही काढू नये. अशी बॅटरी कित्येक तासांनी, क्वचित काही दिवसांनीही, पेट घेते. ती गाडी इतर गाड्या व इमारती यांपासून सुमारे 50 फूट दूर, उघड्यावर ठेवून तज्ज्ञास बोलवावे.

तुमच्यापैकी काही जण उद्या याच व्यवसायात शिरतील. काहींचे वडील वा काका आजही त्यात असतील. हाताचे कसब त्यांच्याजवळ आहेच. त्याला या नव्या ज्ञानाची जोड हवी. रंग बिघडला तर तो पुन्हा देता येतो. कारागिराचा प्राण मात्र पुन्हा देता येत नाही. म्हणून हा लेख घरी अवश्य वाचून दाखवा.