खर्जाची सेवा : मंडळीच्या उपासनेत बेस गिटार

शास्त्रपाठ : १ इतिहास १५:१६-२२, लूक १४:२८-३०, १ करिंथ १२:२०-२५



मंडळीसाठी नवी बेस गिटार घ्यावी काय, हा प्रश्न आज आपल्या पुष्कळ पंचकमिट्यांपुढे येतो. तरुण संघ मागणी करतो. वडीलधारी माणसे म्हणतात, पेटी आहे, तबला आहे, मग हा खर्च कशाला? दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. पैसा दानार्पणातला असतो आणि त्यात एखाद्या विधवेचे नाणेही असते. शिवाय अयोग्य रीतीने वाजविलेले मोठ्या आवाजाचे वाद्य म्हाताऱ्या माणसांचे गाणेच बंद करून टाकते. उलटपक्षी, तरुणांच्या हातांना उपासनेत काम मिळाले नाही तर ते हात दुसरीकडे काम शोधतात. म्हणून हा विषय घाईने मान्य करण्याचा नाही आणि घाईने फेटाळण्याचाही नाही. शास्त्र काय शिकविते, वाद्य कसे निवडावे आणि ते कसे वाजवावे, या तीन गोष्टींचा आपण क्रमाने विचार करू.

१. शास्त्राची शिकवण

दाविदाने कराराचा कोश यरुशलेमेत आणला, त्या वेळची गायन-वादनाची व्यवस्था १ इतिहासाच्या १५व्या अध्यायात नावनिशीवार दिली आहे. १९व्या वचनात हेमान, आसाफ व एथान यांच्याकडे झांजा आहेत. २०व्या वचनात आठ जण 'अलामोथ' स्वरावर, तर २१व्या वचनात सहा जण 'शमीनीथ' स्वरावर तंतुवाद्ये वाजवितात. अलामोथ या शब्दाचा संबंध कुमारिकांशी आहे, म्हणून तो उंच स्वर असावा असे पुष्कळ शास्त्री मानतात. शमीनीथ म्हणजे शब्दशः 'आठवा'. कोणी त्याचा अर्थ आठ तारांचे वाद्य असा करतात, कोणी खालच्या सप्तकातला स्वर असा करतात. स्तोत्र ६ व १२ यांच्या मथळ्यांतही हाच शब्द आहे. दुसरा अर्थ धरला, तर देवाच्या कोशापुढे खर्जाच्या तारांना ठरलेली जागा होती असे दिसते.

आता १८व्या वचनाचा शेवट पाहा. तेथे ओबेद-अदोम व यइएल यांना द्वारपाळ म्हटले आहे. आणि २१व्या वचनात शमीनीथवर वाजविणाऱ्यांत हीच दोन नावे पुन्हा येतात. द्वारपाळाकडे सहसा कोणी पाहत नाही. पण दार उघडले नाही तर आत कोणालाच जाता येत नाही. खर्जाच्या स्वराचे काम असेच आहे. तो चालू असता कोणाच्या ध्यानात येत नाही. थांबला की गाण्याखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. शरीराचे जे अवयव अशक्त वाटतात तेच अत्यंत आवश्यक आहेत, असे पौल १ करिंथ १२:२२ मध्ये सांगतो, ते येथे लागू पडते.

२२व्या वचनात कनन्या येतो. तो गायनात निपुण होता, म्हणून शिकविण्याचे काम त्याच्याकडे होते. जागा ठरलेली, माणसे ठरलेली आणि शिकविणाराही ठरलेला, अशी ती व्यवस्था होती. वाद्य आणले आणि कपाटात ठेवले, असा प्रकार तेथे नव्हता.

२. हे वाद्य कोणते?

पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जासाठी माणसाएवढा उंच डबल बेस असे. तो नेण्या-आणण्यास अवजड, आणि त्याचा आवाज इतर वाद्यांत बुडे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० नंतरच्या दशकात पडदे असलेला विजेचा बेस तयार केला; परंतु तो सर्वत्र रूढ झाला तो कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणल्यावर. दांडीवरील पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून हे नाव. १९६० साली त्याच कंपनीचा 'जॅझ बेस' आला. आजच्या बहुतेक बेस गिटारी या दोन नमुन्यांच्या वंशातील आहेत.

नेहमीच्या बेसला चार तारा असतात. सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१, म्हणजे साध्या गिटारीच्या सर्वांत खालच्या तारेच्या निम्मी. तो सूर गिटारीच्या खाली एक सप्तक बोलतो. ही कल्पना आपल्याला परकी नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाचीच असते, आणि पेटीतही खर्ज-नर सूर असतात. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्ती भजनाला या मातीचा सूर दिला. त्या भजनाखाली खर्ज नेहमी होताच. बेस गिटार ते काम दुसऱ्या रूपाने करते.

३. आधी बसून खर्चाचा हिशेब

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूने लूक १४:२८ मध्ये सांगितले. येथे पहिला हिशेब माणसाचा. आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा-अर्धा तास सराव करणारा आणि गायकवृंदाच्या तालमीस वेळेवर येणारा निदान एक तरुण किंवा तरुणी आहे काय? दोन असतील तर अधिक बरे. कारण एक जण नोकरीसाठी गाव सोडून गेला म्हणजे वाद्य मुके होऊ नये. असे कोणी नसेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे : आता विकत घेऊ नका.

दुसरा हिशेब पैशाचा. पुष्कळ ठिकाणी सगळी रक्कम गिटारीवर खर्च होते आणि अ‍ॅम्प्लिफायरसाठी काही उरत नाही. एकूण रकमेपैकी सुमारे अर्धीच गिटारीसाठी धरावी. उरलेल्या रकमेत बेसचा अ‍ॅम्प्लिफायर, चांगली केबल, पट्टा, पिशवी, सूर जुळविण्याचे यंत्र, तारांचा जादा संच आणि शिकविणाऱ्याची फी यांची सोय करावी. भाषणासाठी भिंतीवर लावलेले छोटे स्पीकर खर्जाचा सूर नीट देऊ शकत नाहीत, आणि साध्या गिटारीच्या अ‍ॅम्प्लिफायरवर बेस मोठ्याने वाजविला तर त्याचा स्पीकर फाटू शकतो. शंभर-दीडशे माणसांच्या मंदिरास पन्नास ते शंभर वॅटचा बेस अ‍ॅम्प्लिफायर पुरे होतो.

तिसरा हिशेब विजेचा. बेसच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंदिराचे अर्थिंग बिघडलेले असेल, तर वादकाचा हात तारेवर आणि ओठ मायक्रोफोनला लागताच धक्का बसू शकतो. म्हणून वाद्य घरी आणण्यापूर्वी वायरमनकडून तीन पिनांची सर्व सॉकेटे तपासून घ्यावी. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

४. दुकानात तुलना

यामाहा, आयबानेझ, कोर्ट आणि फेंडरचीच १९८२ पासूनची स्वस्त मालिका स्क्वायर, ही नावे नवशिक्यांसाठी नेहमी पुढे येतात. यामाहा कंपनीचा आरंभ तर १८८७ साली जपानात मंदिरांच्या ओळखीच्या वाद्यापासून, म्हणजे हवेवर चालणाऱ्या पेटी-ऑर्गनपासून झाला. नमुने बदलत राहतात. म्हणून नावापेक्षा पुढील गोष्टी पाहाव्या.

(अ) लांबी : तारेची बोलती लांबी बहुधा ३४ इंच असते. लहान हातांसाठी ३० इंची वाद्ये मिळतात. बारा-तेरा वर्षांची मुलेही शिकणार असतील तर दोन्ही हातांत घेऊन पाहावी.

(आ) तारांची संख्या : पाच तारांच्या बेसला आणखी खालचा सूर मिळतो, पण आपल्या गीतांना चार तारा पुरतात आणि नवशिक्याचा हात लवकर बसतो.

(इ) पिकअप : प्रिसिजन जातीचा एक पिकअप भरदार सूर देतो, जॅझ जातीचे दोन पिकअप अधिक स्पष्ट आणि निरनिराळे सूर देतात. पुष्कळ स्वस्त वाद्यांत दोहोंचा मेळ असतो, आणि मंडळीस तो सोयीचा. काही वाद्यांत नऊ व्होल्टची बॅटरी असते. केबल तशीच अडकवून ठेवली तर ती उतरते आणि ऐन उपासनेत आवाज जातो. म्हणून बॅटरीविना चालणारे वाद्य बरे.

(ई) दांडी व पडदे : दांडीवरून हात फिरवून पडद्यांची टोके बोचतात काय ते पाहावे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा वाजवावी. कोठे खरखर होते, कोठे सूर लगेच मरतो, ते कळते.

(उ) सुराची परीक्षा : बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तेथेच तार दाबून निघणारा सूर एकच असला पाहिजे. थोडा फरक घोडीच्या स्क्रूने सुधारतो. दुकानदाराकडून तो तेथेच सुधारून घ्यावा.

(ऊ) तोल : पट्टा गळ्यात घालून दोन्ही हात सोडावे. दांडी जमिनीकडे झुकत असेल, तर तासभराच्या उपासनेत डावा खांदा भरून येईल.

तुलना करताना सर्व वाद्ये एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, एकाच हलक्या आवाजात, एकच गीत घेऊन वाजवावी. कान रंगाने आणि किमतीने फसतो. म्हणून ऐकणाऱ्याने पाठ करून बसावे.

आपल्या हवेचाही विचार हवा. बेळगावचा पावसाळा, गोव्याची खारी हवा, ग्वाल्हेरचा कोरडा उन्हाळा, या सर्वांनी लाकूड फुगते किंवा आटते आणि तारा गंजतात. दांडीच्या आत पोलादी सळई असते. ती जाणत्याने पाव-पाव फेरा फिरवून दांडी सरळ करावी. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्या.

५. वाजविण्याची रीत

पेटीवाले सूर पांढरी-काळीने सांगतात, तेव्हा बेसवादकाने हे पाठ करावे : जाड तारेपासून चार मोकळ्या तारा म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. काळी एक हवी असेल तर दुसऱ्या तारेचा चौथा पडदा. काळी चार हवी असेल तर पहिल्या तारेचा चौथा पडदा. उपासनेपूर्वी बेस पेटीशी जुळवावा. यंत्रावर सूर बरोबर दाखवीत असला तरी जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरी असते, आणि पेटी तेथल्या तेथे बदलता येत नाही, बदलावे बेसने.

पाश्चात्त्य चालीच्या गीतांत चार आवाजांची स्वरलिपी असते. तिच्यातील सर्वांत खालची ओळ हीच बेसची पहिली पाठ्यपुस्तिका. भजनात मात्र रीत निराळी. तेथे कॉर्ड लादू नयेत. षड्ज व पंचम धरून ठेवावे. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात षड्ज व मध्यम धरावे. डग्गा घुमत असेल तेथे बेसने जागा सोडावी. दोघे एकाच वेळी बोलले तर शब्द कळत नाहीत. वाद्यांचे सूर वेगळे उमटले नाहीत तर काय वाजते हे कसे कळेल, असे १ करिंथ १४:७ मध्ये विचारले आहे, तो प्रश्न येथे अक्षरशः लागू आहे.

आवाज किती असावा? शेवटच्या बाकावर बसलेल्या आजींना शेजारणीचे गाणे ऐकू येते काय, हे माप ठेवावे. येत नसेल तर आवाज कमी करावा. अ‍ॅम्प्लिफायर कोपऱ्यात ठेवू नये. तेथे खर्ज फुगतो.

एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. डेट्रॉइट येथील जेम्स जेमरसन (१९३६-१९८३) यांनी मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गीतांवर बेस वाजविला. त्यांचा बेस साधा प्रिसिजन होता, त्यावर गुळगुळीत वेटोळ्याच्या तारा असत, आणि उजव्या हाताचे एकच बोट ते वापरीत. कित्येक वर्षे तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत; १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या तबकडीवर त्यांचे नाव आले. ती गीते उपासनेची नव्हती, हे खरे. पण जगाच्या गाण्यात एक मनुष्य नावावाचून एवढी निष्ठेने चाकरी करू शकला, तर प्रभूच्या मंदिरात आपण टाळ्यांची वाट का पाहावी?

६. शब्बाथशाळेच्या शिक्षकांस

हा पाठ वर्गात घेताना एक प्रयोग करावा. मुलांना ओळखीचे गीत प्रथम नुसत्या वरच्या सुरात म्हणावयास सांगावे. मग पेटीवर खर्जाचा एकच सूर धरून तेच गीत पुन्हा म्हणवावे. फरक मुलेच सांगतील. नंतर विचारावे, की घरात, शाळेत व मंडळीत असा न दिसणारा आधार कोण देते? झाडलोट करणारे, दिवे लावणारे, आजाऱ्यास भेटणारे, अशी नावे फळ्यावर लिहावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. ओबेद-अदोम द्वारपाळ होता आणि वादकही होता. आपल्या मंडळीत एकाच माणसाने अशा दोन सेवा केल्याची उदाहरणे कोणती?

२. लूक १४:२८ प्रमाणे आपल्या मंडळीने नव्या वाद्यासाठी माणसाचा, पैशाचा व विजेचा हिशेब केला आहे काय?

३. आपल्या उपासनेत कोणाचा आवाज ऐकू येईनासा झाला आहे? तो परत येण्यासाठी कोणी थोडे हळू वाजवावे?

शलमोनाच्या मंदिरात कर्णे वाजविणारे आणि गाणारे जणू एकच झाले व एकच स्वर उमटला, तेव्हा परमेश्वराचे मंदिर मेघाने भरले, असे २ इतिहास ५:१३ मध्ये लिहिले आहे. नवे वाद्य विकत घ्या किंवा घेऊ नका. पण तो एक स्वर आपल्या मंदिरात उमटावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.