दिव्यांग विद्यार्थ्यांची वसतिगृहे : नोंदणीपत्राच्या पलीकडे

बोर्डिंग हा शब्द आपल्या समाजाला परका नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढले, ते शिक्षणाची वाट मोकळी करण्यासाठीच. अंध, कर्णबधिर वा मतिमंद मुलांना तर पुष्कळदा वसतिगृहावाचून गत्यंतर नसते; त्यांच्यासाठीची शाळा गावात नसतेच. परंतु असे मूल सुटीत घरी आल्यावर 'मला तिथे मारतात' हे सांगू शकेलच असे नाही. म्हणून या वसतिगृहांवरची देखरेख अधिक कडक हवी, असे आम्हांस वाटते.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने अशा संस्थांना नोंदणी सक्तीची केली. त्याच्या जागी आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 50 नेही प्रमाणपत्राशिवाय संस्था चालविण्यास मनाई केली आहे. कलम 52 अन्वये प्रमाणपत्र रद्द करता येते व मुलांना पालकांकडे किंवा दुसऱ्या संस्थेत पाठविता येते. मात्र कलम 54 नुसार सरकारच्या स्वतःच्या संस्थांना ही नोंदणी लागूच नाही! मार खाणाऱ्या मुलाला भिंत सरकारी की खासगी, याने काय फरक पडतो?

2011 साली पनवेलजवळच्या कळंबोली येथील बालगृहात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले. 2013 मध्ये न्यायालयाने दोषींना शिक्षा ठोठावल्या. त्या मुली तक्रारपेटीत चिठ्ठी कशी टाकणार होत्या? आगाऊ कळवून तपासणी झाली, तर स्वयंपाकघर धुतलेले आणि हजेरीपट भरलेलाच मिळायचा. आम्ही बँकेतली माणसे. रोकड तपासणारा अधिकारी न सांगता का येतो, हे आम्ही जाणतो.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरताना तथागतांना अतिसाराने आजारी, मलमूत्रात पडलेला एक भिक्खू आढळतो. आनंदाच्या साहाय्याने ते त्याला स्वतः आंघोळ घालतात, मग संघाला जाब विचारतात आणि शुश्रूषेचा नियम घालून देतात. त्या नियमाचा उगम प्रत्यक्ष पाहणीत आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

आपल्या सभासदांनी मूल दाखल करण्यापूर्वी प्रमाणपत्राची मुदत पाहावीच. शिवाय रात्री मुलांजवळ कोण असते, सांकेतिक भाषा जाणणारे कोणी आहे का, मुलींसाठी स्त्री कर्मचारी आहेत का, हे विचारावे. नंतरही अधूनमधून जेवणाच्या वेळी, न कळविता जावे. दारातूनच परत पाठविले, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी.