ताकदीची बाटली आणि पेशीतील फॉस्फेट

"डाक्टरसाहेब, ताकदनी बाटली लाई द्या." कापूस वेचणीच्या दिवसांत तापातून उठलेले रुग्ण पारोळ्यात हमखास ही मागणी करतात. ही ताकद शरीरात असते तरी कोठे?

भाकरीपासून तयार झालेली साखर पेशीतील तंतुकणिकांच्या मदतीने जळते व तिची ऊर्जा एटीपी या पदार्थात साठते. त्याला फॉस्फेटचे तीन मणी ओवलेले असतात. शेवटचा मणी सुटला की ऊर्जा मिळते, स्नायू आकुंचन पावतात, हृदय चालते. मग मणी पुन्हा ओवला जातो. 1929 साली हार्वर्डमध्ये हा पदार्थ शोधणाऱ्यांत आपल्या देशाचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. असेच शेकडो मणी एका माळेत असले की तिला पॉलिफॉस्फेट म्हणतात. आपल्या पेशींत ती थोडीच असते. पण तंतुकणिकांतील ही माळ तोडली तर ऊर्जानिर्मितीचा तोल ढळतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

आता बाटली. 5 टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत साखर 25 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 100 कॅलरी. कळण्याची एक भाकरी याहून अधिक देते! मिठाच्या सलाईनमध्ये तर कॅलरी नाहीतच. उलट्या-जुलाबांनी पाणी आटले असेल तर बाटली जीव वाचवते, हे खरेच.

परंतु 8-10 दिवस अन्न जवळजवळ बंद असलेले वृद्ध, दारूपायी जेवण सुटलेले रुग्ण यांची गोष्ट वेगळी. त्यांचा फॉस्फेटचा साठा आधीच उतरलेला असतो. एकदम भरपूर ग्लुकोज दिले की इन्सुलिन वाढते, रक्तातले फॉस्फेट पेशींत ओढले जाते व रक्तातील प्रमाण धोकादायक घसरते. एटीपीला मणी पुरत नाहीत. स्नायू ढिले पडतात, श्वास अपुरा पडतो, हृदयाची लय बिघडते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांत हा प्रकार प्रकर्षाने दिसला. म्हणून रुग्ण किती दिवस जेवलेला नाही, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. अशा रुग्णाचे रक्त तपासून, ब-1 जीवनसत्त्व देऊन, पेज, दूध, पातळ वरण थोडेथोडे वाढवावे लागते. घरच्यांना ही कंजुषी वाटते, पण इलाज तोच.

साध्या तापानंतरचा थकवा बहुधा दोन आठवड्यांत उतरतो. तीन आठवडे टिकला, वजन घटू लागले, तर हिमोग्लोबिन व साखर तपासून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी फॉस्फेटचे टॉनिक परस्पर घेऊ नये. त्यांच्या रक्तात ते आधीच साचलेले असू शकते.