पॅकेजची बांधणी व चुकांचा शोध

संगणकाच्या पडद्यावरील एखाद्या चित्रावर टिचकी मारताच प्रोग्रॅम सुरू होतो. परंतु तो तेथवर कसा पोहोचला, याचा विचार आपण क्वचितच करतो. मनुष्याने लिहिलेली मूळ संहिता यंत्राला कळत नाही. संकलक, म्हणजेच कंपायलर, तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. हे रूपांतर आणि त्याविषयीची माहिती एका संचिकेत एकत्र बांधली म्हणजे बायनरी पॅकेज तयार होते. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभिलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीत अशा पॅकेजला 'डेब' म्हणतात.

डेब बांधावयाचे झाल्यास मूळ संहितेसोबत 'डेबियन' नावाची एक पेटिका ठेवावी लागते. तीतील 'कंट्रोल' या संचिकेत पॅकेजचे नाव व गरजा, 'रूल्स'मध्ये बांधणीची कृती, आणि 'चेंजलॉग'मध्ये आवृत्ती व तिच्यातील बदल नोंदवितात. पुढे 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' ही आज्ञा दिली की बांधणी सुरू होते. येथवर सारे सोपे आहे. खरा अभ्यास बांधणी अडते तेव्हाच सुरू होतो.

आम्ही मराठी शब्दांचा एक लहानसा खेळ तयार केला होता. शब्द साठविण्यासाठी त्यात 'एसक्यूलाइट' या लायब्ररीचे साहाय्य घेतले होते. लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेली, आपणांस आयती वापरता येणारी संहिता. आमच्या संगणकावर पॅकेज निर्वेध बांधले गेले. तीच सामग्री आम्ही नववीतील एका विद्यार्थिनीस दिली. तिच्या संगणकावर मात्र बांधणी मध्येच थांबली. "तू काहीतरी बदललेस," असे आम्ही तिला जरा कठोरपणेच म्हणालो. ती काही बोलली नाही. तिने पडद्यावरील मजकुराचे सर्व पान खालून वर वाचीत नेले आणि एका ओळीवर बोट ठेवले. 'एसक्यूलाइट३.एच' ही संचिका सापडत नाही, असे तेथे लिहिले होते.

चूक आमची होती. डेबियनमध्ये बहुतेक लायब्रऱ्यांची दोन पॅकेजे असतात: एक प्रोग्रॅम चालविण्यासाठी, व दुसरे, नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेले, प्रोग्रॅम बांधण्यासाठी. संकलकाला लागणाऱ्या शीर्षसंचिका या दुसऱ्यातच असतात. आमच्या संगणकावर ते पूर्वीच बसविलेले होते. म्हणून 'कंट्रोल'मधील 'बिल्ड-डिपेंड्स' या ओळीत त्याचे नाव लिहावयाचे राहून गेले. आमच्या कोकणी घरात आमसुले कधी संपत नाहीत. म्हणून कढीची कृती लिहून देताना ती गृहीत धरावी, आणि दूरच्या पाहुण्याची कढी बिघडली म्हणजे त्यालाच दोष द्यावा, तसा हा प्रकार झाला. ते नाव लिहिलेले असते तर बांधणीच्या आरंभीच संगणकाने नेमके काय उणे आहे ते नावानिशी सांगितले असते.

या प्रसंगातून तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, शेवटची ओळ पाहून निदान करू नये. 'एरर २' अशा शब्दांनी होणारा शेवट हा केवळ परिणाम होय. वर जात जात पहिली त्रुटी गाठावी. मूळ कारण बहुधा तेथेच असते.

दुसरी, जे दिसत नाही तेही तपासावे. 'रूल्स'मधील आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅब कळीनेच व्हावा लागतो. टॅबऐवजी रिकाम्या जागा पडल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही. परंतु 'मिसिंग सेपरेटर' असे म्हणून बांधणी थांबते. त्या संदेशात ओळीचा क्रमांकही असतो, तो वाचावा.

तिसरी, आपल्या संगणकावर बांधणी झाली एवढ्यावर समाधान मानू नये. 'पीबिल्डर' किंवा 'एसबिल्ड' ही साधने बांधणीपुरती एक कोरी प्रणाली उभी करतात व बांधणीच्या मूलभूत साधनांखेरीज तीत केवळ आपण नोंदविलेल्याच वस्तू आणतात. विसरलेली गरज तेथे ताबडतोब उघडी पडते.

आम्ही ते एक नाव 'कंट्रोल'मध्ये लिहिले, आणि विद्यार्थिनीच्या संगणकावर पॅकेज बांधले गेले. त्यानंतर वर्गासमक्ष आम्ही तिची क्षमा मागितली. विद्यार्थिमित्रहो, यंत्र रागावत नाही व आडपडदाही ठेवीत नाही. त्याला जे आढळले तेवढेच ते सांगते. ते शांतपणे वाचण्याची सवय लागली म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपलीच यादी एकवार तपासून पाहण्याची बुद्धी होते. ही सवय संगणकाच्या खोलीबाहेरही उपयोगी पडेल.